तळाचा शिक्का शेवटी बघा

संपादक महोदय, स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला जुन्या जपानी कपबश्यांवरचा लेख आवडला, पण सगळा भर तळाच्या शिक्क्यावर होता, ‘निप्पॉन’ (म्हणजे जपानी भाषेत ‘जपान’) दिसलं की शंभर वर्षं जुनं आणि महागडं असंच कोणालाही वाटेल, म्हणून लिहितोय. मी असाच फसलोय. एक फुलदाणी घेतली, तळाला पानांचं वेटोळं, खाली निप्पॉन, विकणारा म्हणाला अस्सल आहे. नंतर भिंगातून बघितलं तर वेटोळ्यात मोरिमुरा या जपानी निर्यातदार कंपनीचा ‘एम’ हवा तिथे वाळूच्या घड्याळासारखा आकार! नकली शिक्क्यांमधला हा अगदी ओळखीचा प्रकार, मला तेव्हा माहीत नव्हता.

अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ले टॅरिफ कायद्याने आयात मालावर देशाचं नाव टाकणं सक्तीचं झालं, म्हणून १८९१ पासून निप्पॉन यायला लागलं, मग १९२१ मध्ये तिथल्या कस्टम्सने सांगितलं की हा जपानी शब्द आहे, इंग्रजीत ‘जपान’ लिहा. ‘ऑक्युपाइड जपान’ (परक्या सैन्याच्या ताब्यातला जपान) असेल तर महायुद्धानंतरचं, १९५२ पर्यंतचं. आणि शिक्काच नाही म्हणून वस्तू बाजूला टाकू नका, जपानातच वापरायला केलेल्या भांड्यांना त्या कायद्याचं काय! उलट जपानातल्या आरिता या चिनीमातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध गावच्या कितीतरी जुन्या भांड्यांवर चीनच्या मिंग बादशहाच्या काळाचा, चेंगहुआचा, शिक्का असतो, तो वाचून कोणी वस्तू चिनी ठरवली तर सगळंच चुकलं.

म्हणून आधी रंगकाम बघा. दहापट भिंग घ्या आणि एकच पाकळी धरून बसा. ब्रश टेकला तिथे रंग दाट, उचलला तिथे पातळ, शेजारची पाकळी अगदी तशीच कधीच नसते, बोट फिरवलं की रंगाचा किंचित उंचवटा लागतो. छापील डिकल (छापून चिकटवलेलं चित्र) असेल तर बारीक ठिपके दिसतात. मधला प्रकारही भरपूर आहे, बाह्यरेषा छापलेली आणि आत रंग हाताने भरलेला, गेइशांची चित्रं असलेले कप बहुतेक असेच, तेव्हा शिक्क्यात ‘हँड पेंटेड’ लिहिलंय म्हणून सगळं हाताचं असं धरू नका. सोनेरी काठही बघा, कपाच्या कानाला जिथे बोटं लागतात तिथे तो झिजलेला असावा, सगळीकडे सारखा चकचकीत असला तर मला तरी शंका येते.

किमतीचं म्हणाल तर लोक मागतात त्या किमतीवर जाऊ नका, लिलावात प्रत्यक्षात काय भावाने गेलं ते बघा. नेहमीची गुलाबाची फुलं स्वस्तात जातात, मोरिआगे म्हणजे पातळ मातीने उठवलेली नक्षी किंवा चांगलं निसर्गदृश्य असेल तर जास्त, पण टवका उडाला किंवा केसासारखी चीर असली की भाव खूपच पडतो. चीर नुसत्या डोळ्याला दिसत नाही, टॉर्च आतून लावून बघा.

आणि कळकळीची विनंती, विकण्याआधी चमकवू म्हणून घासू नका हो! सोनं ग्लेझच्या (भांड्यावरच्या काचेसारख्या लेपाच्या) वर कमी आचेवर भाजलेलं असतं, घासणीने निघून जातं आणि परत येत नाही. पुढच्या वेळी लेखासोबत शिक्क्याच्या फोटोबरोबर एका पाकळीचा जवळून घेतलेला फोटोही छापा.

आपला,
एक नियमित वाचक