अण्णांचे दुखणे

सांगली

प्रिय सुध्या,
सप्रेम नमस्कार.

आमच्याकडे सर्व क्षेम; माझा रक्तदाब गोळीवर आटोक्यात आहे. हे पत्र अण्णांविषयी आहे.

थंडी वाजून ताप, उजव्या बरगडीखाली दुखणे, वाढलेल्या पांढऱ्या पेशी आणि सोनोग्राफीत यकृतात मधोमध द्रव असलेली गाठ, एवढ्यावरून पहिल्या रुग्णालयात गळू ठरवले. आपल्याकडे अमिबाचे गळू नवलाचे नाही, म्हणून त्या निदानाला मी नावे ठेवत नाही. अमिबावरचे मेट्रोनिडाझोल आणि शिरेतून अँटिबायोटिक्स सुरू झाली, सुईने तांबूस द्रव काढला. बाटली पाहून अण्णा म्हणाले, “हरिपूरच्या पेवातली हळद कुजली वाटतं!”

माझा राग पुढचा आहे. त्या द्रवातले जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीत, म्हणजे कल्चरमध्ये, एकही जंतू वाढला नाही, अमिबाची रक्तचाचणी निगेटिव्ह आली, उतरलेला ताप पुन्हा चढला, तरी नुसती औषधेच बदलत राहिली. अखेर मिरजेतल्या दुसऱ्या डॉक्टरांनी शिरेतून औषध सोडून तीन टप्प्यांचा सीटी स्कॅन काढला आणि गाठीच्या जाड कडेचा तुकडा तपासायला पाठवला. तो यकृताचा कर्करोग निघाला. गाठ झपाट्याने वाढली की मधल्या भागाला रक्त पुरत नाही, तिथल्या पेशी मरून त्यांचा द्रव होतो आणि जंतुसंसर्ग नसतानाही ताप येतो, हे त्यांनी चित्र काढून समजावले. मधल्या द्रवात कर्करोगाच्या पेशी सापडतीलच असे नसते. यकृताच्या कर्करोगात रक्तात बहुधा वाढणारे अल्फा-फीटोप्रोटीन नॉर्मल आल्याने आधीची मंडळी निर्धास्त होती, पण या कर्करोगात ते नॉर्मलही असू शकते. या कर्करोगाला कारण ठरू शकणारा, पण कुणाच्या ध्यानीमनी नसलेला हिपॅटायटिस बीसुद्धा आताच उघड झाला.

तू म्हणशील, मी पुन्हा डॉक्टरांची निम्मी बाजू घेतली. तुझ्या वडिलांच्या ऑपरेशनवरून आयर्विन पुलावर झालेल्या भांडणात तूच चुकला होतास, यावर मी ठाम आहे.

खरी अडचण अशी, की वहिनींनी अण्णांना काहीच कळू दिलेले नाही. भेटायला येईल त्याला ते गळवाची कथा रंगवून सांगतात आणि मी एकटा सापडलो की विचारतात, “पू निघाला, मग ताप का जात नाही रे?” उरलेले यकृत पुरेसे चांगले असेल तर शस्त्रक्रिया शक्य आहे, पण संमतीच्या कागदावर सही त्यांनाच करायची आहे आणि न सांगता ती घेणे मला मान्य नाही. वहिनी माझे ऐकत नाहीत, तुझे ऐकतील.

नेहाचे लग्न ठरल्याचे कळले, अभिनंदन. तुझा गुडघा कसा आहे? महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघ, सांगली स्टेशनवर मी येतो, आणि घरी पोहोचण्याआधी वहिनींशी काय बोलायचे ते ठरवू.

तुझा,
बाळू