दोष मराठी नावांचा नव्हे, गाळलेल्या अवतरणचिन्हांचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या संगणकाची निगा सांगताना एक सल्ला होता : फाइलींना नावे इंग्रजीतच द्या, मराठी नावांनी घोटाळे होतात. नेमके हेच वाक्य आमच्या वाचनालयाच्या फळ्यावर जूनपासून खडूने लिहिलेले आहे. ते तिथे कसे आले हे मला चांगले ठाऊक आहे, म्हणून हे पत्र.

मी २२ वर्षे बिलांच्या विभागात युनिक्स या संगणक प्रणालीच्या यंत्रांवर काम केले. निवृत्तीनंतर आठवड्यातल्या तीन दुपारी वाचनालयात जुने दिवाळी अंक स्कॅन करते. गंजलेल्या पिना, हात लावला की तुकडा पडणारे कागद, असे ते काम. शनिवारी रात्री एक शेल स्क्रिप्ट आपोआप चालते. शेल म्हणजे लिहिलेल्या आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्रॅम आणि स्क्रिप्ट म्हणजे त्याच्यासाठी लिहून ठेवलेल्या आज्ञा. आठवड्याची पाने ती पासोड्या विठोबाजवळून आणलेल्या हार्ड डिस्कवर उतरवते आणि मग स्कॅनरच्या संगणकावरून पुसून टाकते. यंत्र विकणाऱ्यानेच ती लिहून दिली होती. स्कॅनर देतो ते नुसते आकडे नावात होते तोवर सगळे सुरळीत चालले. जूनमध्ये आम्ही 'दिवाळी अंक १९७२ पान १४' अशी, वाचून कळतील अशी नावे द्यायला लागलो आणि पहिल्याच रविवारी २१२ पाने गायब. इथेही नाहीत, डिस्कवरही नाहीत. विक्रेत्याने फोनवरच निकाल दिला, "काकू, मराठी नावं दिली की असंच होतं." फळ्यावरची सूचना त्याच संध्याकाळी आली.

मी स्क्रिप्ट उघडून पाहिली. पाने उतरवण्यासाठी त्या गृहस्थाने एलएस या आज्ञेने फाइलींच्या नावांची यादी काढून तिच्यावर फेरा लावला होता, म्हणजे यादीतल्या एकेका नावासाठी नकलेची आज्ञा. अवतरणचिन्हांत न घातलेल्या अशा यादीचे शेल जिथे मोकळी जागा दिसेल तिथे तुकडे करते. 'दिवाळी', 'अंक', '१९७२', 'पान' आणि '१४.टिफ' (.टिफ हे स्कॅन केलेल्या चित्राच्या फाइलीचे शेपूट) अशा पाच फाइली ते शोधत बसले. पाचही नाहीत. २१२ पानांमागे १०६० चुका झाल्या आणि एकही दिसली नाही, कारण चुकांचे संदेश कुठेही न नोंदता फेकून द्यायची सोय त्यानेच केली होती. पुसण्याची ओळ मात्र सरळ होती : आरएम ही पुसण्याची आज्ञा आणि पुढे *.टिफ, म्हणजे .टिफने संपणारी प्रत्येक फाइल. थेट लिहिलेल्या स्टारच्या जागी शेल जी नावे भरते, त्यांचे पुन्हा तुकडे होत नाहीत. त्यामुळे नक्कल एकाही पानाची झाली नाही आणि पुसली मात्र सगळी गेली. उतरवणे जमले का, हे विचारणारी ओळ दोन्हींच्या मधे नव्हतीच.

दोष भाषेचा नाही हे समितीला दाखवायला मी दोन फाइली केल्या. एकीचे नाव मराठीत, शब्दांमध्ये जागेऐवजी खालची रेघ. ती बिनबोभाट उतरली. दुसरीचे नाव रोमन अक्षरांत, पण मधे जागा. ती बुडाली. एका सभासदांनी तरीही मान डोलावली नाही. असो.

दुरुस्ती चार ओळींची होती. फेरा थेट *.टिफ वर लावायचा, फाइलीचे नाव ज्या व्हेरिएबलमध्ये (नाव तात्पुरते धरून ठेवणाऱ्या जागेत) आहे ते दर वेळी दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवायचे, म्हणजे नावाचे तुकडे होत नाहीत, आणि उतरवणे यशस्वी झाले तरच तेवढी एक फाइल पुसायची. पुढे ऑगस्टमध्ये पावसामुळे एक आठवडा स्कॅनिंग झाले नाही, तेव्हा आणखी एक खोड कळली. जुळणारी एकही फाइल नसेल तर बॅश, म्हणजे आमच्या यंत्रावरचे शेल, *.टिफ हा नमुनाच फाइलीचे नाव समजून पुढे ढकलते. नलग्लोब हा पर्याय चालू केला की रिकाम्या फोल्डरवर फेरा चालतच नाही.

स्टारचा अर्थ लावते ते शेल. आरएम किंवा सीपी (नक्कल करणारी आज्ञा) यांच्या हाती तयार नावे येतात. युनिक्सच्या सुरुवातीच्या काळात यासाठी ग्लोब नावाचा वेगळा प्रोग्रॅम होता, १९७९ च्या बोर्न शेलने ते काम स्वतःत घेतले. म्हणूनच कोणतीही पुसण्याची आज्ञा देण्याआधी आरएमच्या जागी एको (पुढचे शब्द नुसते दाखवणारी आज्ञा) लिहून तीच ओळ चालवून पाहावी. काय काय पुसले जाणार, त्याची नावे पडद्यावर येतात. आमच्या विभागात नव्या मुलांना पहिल्या दिवशी हेच शिकवत.

मराठीचे म्हणून काही प्रश्न आहेत, ते झाकत नाही. 'शेतकऱ्यांचा विशेषांक' यातला ऱ दोन प्रकारे साठवता येतो, एक अखंड आणि दुसरा र ला नुक्ता, म्हणजे खालचे टिंब, जोडून. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण एकाने शोधले तर दुसरा जुळत नाही. या एका ऱ ने माझी एक अख्खी दुपार खाल्ली. शेलच्या नमुन्यात एका चिन्हाच्या जागी एक प्रश्नचिन्ह लिहितात. 'पुणे' डोळ्यांना दोन अक्षरे दिसतात, प्रश्नचिन्हे मात्र चार लागतात, कारण उकार आणि मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. शिवाय लिनक्स या युनिक्सच्या वळणाच्या प्रणालीत सहसा फाइलीच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीतले प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. म्हणजे ८५ चिन्हे. अंकाचे नाव, वर्ष आणि पान यांना ती पुरून उरतात.

पाने पुन्हा स्कॅन करायला आम्हाला ११ दिवस लागले. अंक कपाटात होते म्हणून निभावले. फळ्यावरची सूचना पुसावी असा अर्ज मी समितीला दिला आहे आणि दुरुस्त स्क्रिप्ट छापून सोबत जोडली आहे. आपल्या पुरवणीनेही तो सल्ला एकदा तपासून पाहावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त वाचक, पुणे ३०