बाबलच्या कागदांबद्दल, ताईला

लिस्बन
रविवार, संध्याकाळ

ती. ताईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालीस, "एकदाच सगळं सलग लिहून पाठव, मला समजेल असं." बरोबर आहे तुझं. परदेशी तुरुंगात अडकलेल्या आपल्या भावाबद्दल, बाबलबद्दल, आठ महिने आपण व्हॉट्सॲपवर तुकड्यातुकड्यांनी बोलतोय. अर्धं तुला पोचतं, अर्धं आईच्या रडण्यात बुडतं. हे सावंतवाडीत कुठेतरी छापून घे आणि पर्समध्ये ठेव. मंगळवारी पेडण्याला आईकडे जाशील तेव्हा लागेल.

आधी बातमी. गुरुवारी बाबलच्या तिथल्या वकीलबाईंनी कोर्टाचे कागद पाठवले. एक्केचाळीस पानं, सगळी पोर्तुगीजमध्ये. माझं पोर्तुगीज हॉटेलच्या किचनमधलं. कांदा चिर, भांडी घास, उद्या सुट्टी हवी, एवढ्यापुरतं चालतं. म्हणून शेजारच्या आजींना घेऊन बसलो. त्या निवृत्त शिक्षिका आहेत. दोन रात्री त्यांनी एकेक ओळ वाचून सांगितली, मी वहीत मराठीत उतरवली. सतराव्या पानावर मी त्यांना थांबवलं आणि तीच ओळ पुन्हा वाचायला लावली.

बाबल बोटीवर मोटरमन. म्हणजे इंजिन रूममधला माणूस. पंप, फिल्टर, तेल बघायचं, चार तास ड्युटी, आठ तास आराम. डेकवर काय चाललंय ते त्याला जेवायला वर आल्यावर कळतं. त्याच्या जबाबात लिहिलंय 'मोटोरिस्टा'. कुणाला तरी मोटरमनचं तेच भाषांतर सुचलं. पण इथे मोटोरिस्टा म्हणजे गाडी चालवणारा. बसच्या ड्रायव्हरलाही तोच शब्द. आणि पुढच्या पानावर सरकारी वकील म्हणतो की आरोपी स्वतःच कबूल करतो की तो चालक होता, त्या अर्थी तस्करीचा माल घेऊन आलेली छोटी होडी त्यानेच चालवली.

ताई, एका शब्दावर माणूस आत आहे. सगळा खटला तेवढ्यावरच उभा आहे असं नाही, पण त्याचं नाव बाकीच्यांपेक्षा वर गेलं ते यामुळे. मला आधी हसू आलं, खरं सांगतो. मग रात्रभर झोप लागली नाही.

माल कुठे सापडला तेही तुला नीट सांगतो, कारण पेडण्यात लोक काय काय बोलतायत ते मला कळलंय. बोटीच्या बुडाला पाण्याखाली एक कप्पा असतो, इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी तिथून आत येतं. त्याला सी चेस्ट म्हणतात. त्याची जाळी बाहेरून, पाण्याखालून उघडते. तस्करांचे पाणबुडे बोट नांगरावर उभी असताना रात्री तिथे पाकिटं बांधतात आणि पुढच्या बंदरात त्यांचेच दुसरे पाणबुडे येऊन सोडवतात. बोटीवरच्या माणसांना कित्येकदा पत्ताही नसतो. त्यामुळे "बाबलच्या खोलीत सापडलं" असं कोणी म्हणालं तर तोंडावर सांग की खोलीत फक्त आईने दिलेला कोकमांचा डबा सापडला. पंचनाम्यात त्या डब्याचीही नोंद आहे: 'सुकवलेलं गडद रंगाचं फळ, तपासणीसाठी ताब्यात.'

मग त्याने सही का केली, हे आई रोज विचारते. चष्मा नव्हता. पकडताना धक्काबुक्कीत फुटला. तीन पानांचा जबाब, भाषा परकी, दुभाषा म्हणून बंदरावरचा कोणीतरी इंग्रजी मोडकंतोडकं येणारा माणूस. "सही कर, उद्या बोटीवर जाशील." त्याने केली. आपण तिथे असतो तर आपणही केली असती.

आता मुद्द्याचं. १९६३ चा व्हिएन्ना करार आहे, वाणिज्य दूतावासांबद्दलचा. त्याच्या ३६ व्या कलमात म्हटलंय की परदेशी माणसाला अटक केली तर 'तुझ्या वकिलातीला कळवण्याचा तुला हक्क आहे' हे त्याला विलंब न लावता सांगायचं. त्याने मागितलं तर कळवायचं. आणि वकिलातीच्या माणसाला त्याला भेटू द्यायचं, वकील देऊ द्यायचा. बाबलला हे पोलिसांनी सांगितलंच नाही. एकोणिसाव्या दिवशी शेजारच्या कोठडीतल्या माणसाने सांगितलं. आपल्या वकिलातीला बातमी लागली ती तू केलेल्या फोनमुळे. त्यात त्या देशात आपली वकिलातही नाही, शेजारच्या देशातली बघते. साहेबांना बाबलला भेटायला विमानाने जावं लागतं.

वकीलबाईंचा अर्ज याच पायावर आहे: दूतावासाला कळवलं नाही, धड दुभाषा दिला नाही, म्हणून हा जबाब ग्राह्य धरू नये. कुलभूषण जाधव यांच्या खटल्यात जुलै २०१९ मध्ये हेगच्या न्यायालयाने पंधरा विरुद्ध एक मतांनी हेच कलम पाकिस्तानने मोडल्याचं ठरवलं. जाधव अजून घरी आलेले नाहीत, हेही आहे. म्हणून आईला या निकालाचं नाव सांगू नकोस, ती फक्त शेवटचं वाक्य ऐकेल. तिला त्यापेक्षा 'हिरोइक इडुन' बोटीचं सांग. ऑगस्ट २०२२ मध्ये ती इक्वेटोरियल गिनीने अडवली, मग नायजेरियाच्या ताब्यात दिली. सव्वीस खलाशी, त्यांतले सोळा आपले. २०२३ च्या मे महिन्याअखेरीस ते सुटले. नऊ-दहा महिने लागले, पण सुटले.

काकांचा मेसेज मलाही आला. "अजून वेळ गेली नाही, बाबलचा जन्म लिस्बनला नोंदवून टाका, पोर्तुगीज झाला की ते लोक सोडवतील." कृपा करून त्यांना थांबव. बाबांचा जन्म १९६१ च्या आधीचा, गोवा पोर्तुगीजांकडे असतानाचा, त्यामुळे आम्हा दोघांनाही तो मार्ग होता, खरं आहे. मी घेतला. बाबल तेव्हा म्हणाला होता, "मी वर्षातले नऊ महिने पाण्यावर. मला कुठला देश नि काय." आज आईला वाटतं तो चुकला. मला उलट वाटतं. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं की आपल्या कायद्याने भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी संपतं, दोन्ही ठेवता येत नाहीत. म्हणजे आज जी वकिलात त्याच्यासाठी पत्रं लिहितेय, भेटायला जातेय, तिचा हात सुटेल आणि दुसरा हातात यायला किती काळ जाईल देव जाणे. तेलही जाईल, तूपही जाईल. शिवाय कोर्टाला वाटेल, अडकल्यावर माणूस पासपोर्ट बदलतोय.

हे तुला सांगायला मला जड जातंय, कारण यातलं मी भोगलंय. पहिल्या महिन्यात मी वकिलातीत फोन केला. पलीकडचा अधिकारी चांगला होता, शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "आपण भारतीय नागरिक?" मी म्हटलं, "ओसीआय आहे." म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयाचं कार्ड. तो म्हणाला, "मग तक्रार भारतातल्या कुटुंबीयांच्या नावाने येऊ द्या, ते सोयीचं पडेल." त्याचं काहीच चुकलं नाही. पण फोन ठेवल्यावर मी कपाटातून माझा जुना पासपोर्ट काढला. रद्दचा शिक्का मारलेला, कोपरा कातरलेला. परत करताना काउंटरवर दहा मिनिटंसुद्धा लागली नव्हती. सख्ख्या भावासाठी भांडायचं तर आता तुझी सही लागते, ताई. सावंतवाडीला दिलेली बहीण माझ्यापेक्षा त्याच्या जास्त जवळची, कागदावर.

म्हणून मंगळवारी एवढं कर. आईच्या पत्र्याच्या ट्रंकेत बाबलची हिरवी फाइल आहे. तिच्यात त्याच्या सीडीसीची, म्हणजे खलाशाच्या नोंदपुस्तिकेची झेरॉक्स, बोटीवर चढतानाचा करार आणि भरती करणाऱ्या एजन्सीचा परवाना क्रमांक असलेलं पत्र असेल. करारावर 'मोटरमन' हा हुद्दा जिथे छापलाय ते पान आपल्याला सोन्यासारखं. त्याचा स्पष्ट फोटो आधी मला पाठव, मी इथे अधिकृत भाषांतर करून घेतो. मग परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर आपली जी तक्रार आहे तिच्यात हे जोड. नवीन तक्रार करू नकोस, जुन्याच नंबराखाली टाक, नाहीतर दोन फाइली होतात आणि दोन्ही झोपतात. त्याचीच प्रत पणजीच्या अनिवासी भारतीय कार्यालयात, मुंबईला जहाजवाहतूक महासंचालनालयात आणि खलाशांच्या युनियनला. आपल्या खासदारांचं पत्र मिळालं तर उत्तम. लोकसभेत प्रश्न विचारला की मंत्रालयाला लेखी उत्तर द्यावं लागतं. २०२५ मध्ये सरकारनेच संसदेत सांगितलं की परदेशातल्या तुरुंगांत दहा हजारांहून जास्त भारतीय आहेत. त्या ढिगात बाबलची फाइल वर राहायची तर कोणीतरी दर आठवड्याला ती हलवत राहायला हवं. ते तू आणि मी.

म्हापशाचा तो माणूस, जो "पाच लाखांत काम करून देतो" म्हणतो, त्याला घराच्या पायरीवरही चढू देऊ नका. आईने मंगळसूत्र काढून ठेवलंय हे मला शेजारच्या वहिनीने कळवलं. ताबडतोब परत गळ्यात घालायला लाव.

गेल्या रविवारी मी काशियशला गेलो होतो. लिस्बनहून नदीकाठाने कश्काइशची लोकल जाते, तिच्यावरचं स्टेशन. वर टेकडीवर किल्ला आहे, तो अजूनही तुरुंगच आहे. आजोबा ज्यांची गोष्ट सांगायचे ते मोहन रानडे इथेच होते. सांगलीचा माणूस, मराठी शिकवायला म्हणून गोव्यात आला, गोवा मुक्तीसाठी लढणाऱ्या आझाद गोमंतक दलात गेला, १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडला गेला. सव्वीस वर्षांची शिक्षा. बाबलशी त्यांची तुलना करत नाही मी. ते लढायला गेले होते, हा पगाराला गेला होता. मला लागतं ते पुढचं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. पकडलेले तीन हजारांहून जास्त पोर्तुगीज सैनिक मे १९६२ मध्ये आपण परत पाठवले. आणि रानडे आतच राहिले. जानेवारी १९६९ पर्यंत.

त्या सात वर्षांत त्यांच्यासाठी कोण धावलं बघ. गायक सुधीर फडके, ज्यांचा आवाज आपल्या घरी रेडिओवर लागायचा, ते सुटकेच्या खटपटीत वर्षानुवर्षं होते. तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुरै रोमला पोपना भेटले तेव्हा स्वतःसाठी काही न मागता रानड्यांची सुटका मागितली, असं गोव्यात अजून सांगतात. मद्रासचा माणूस, ना जातीचा ना गोत्याचा. रानडे सुटले आणि दहा-बारा दिवसांतच अण्णादुरै गेले.

मी फाटकापर्यंत गेलो नाही. खाली स्टेशनवर बसलो, पुढे तेजू नदी समुद्राला मिळते ते बघत. एका बाईच्या हातात कपड्यांची पिशवी होती, भेटीच्या वेळेला निघालेली असावी. घड्याळ बघत ती चढ चढून गेली. मला वाटलं, बाबलसाठी अशी पिशवी घेऊन कोणी जात नाही.

तुझी कदंबा बस बांद्यावरून पत्रादेवीला येईल तेव्हा स्मारकाकडे बघून आजोबांची आठवण काढ. १५ ऑगस्ट १९५५ ला तिथे सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. ती हद्द ओलांडायला तेव्हा जीव द्यावा लागला. तुला आज तिकीट पुरेल. मला मात्र दुसऱ्या देशाचा पासपोर्ट दाखवून दाबोळीला उतरावं लागतं. असो.

आई परवा भगवतीच्या देवळात गाऱ्हाणं घालून आली म्हणे. तिला सांग, एक गाऱ्हाणं देवीला आणि एक दिल्लीला, दोन्ही चालू ठेवायची. मोटोरिस्टाची गोष्ट तिला इतक्यात सांगू नकोस. सुनावणी पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आहे, त्यानंतर मी स्वतः सांगेन.

दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
भाऊ

ता. क. हिरव्या फाइलीतच म्हापशाच्या चष्म्याच्या दुकानाची चिठ्ठी असेल, नंबर लिहिलेली. तिचा फोटो सगळ्यात आधी पाठव. इथे चष्मा करून वकीलबाईंकडे कुरिअरने धाडतो. सुनावणीच्या आधी पोचला पाहिजे. पुढची सही तो वाचून करील.