मासेमारीच्या पुस्तकात भरतीचं पान आहे का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

छंदांच्या पुस्तकांची ओळख आपण छापता, म्हणून एक सुचवतो. समुद्रावर गळ टाकायला शिकताना मी पहिलं पुस्तक घेतलं ते मुखपृष्ठावरचा मासा बघून. गुळगुळीत कागद, पानभर फोटो, आणि भरतीबद्दल जेमतेम एक ओळ : चढत्या पाण्यात मासा लागतो. ओळ खोटी नव्हती. त्या भरवशावर मी खडकाच्या टोकाला जाऊन उभा राहिलो. नजर दोरीवर. येताना जी घळ कोरडी ओलांडली होती, ती पाठीमागे भरत होती. परत निघालो तेव्हा पाणी मांडीला लागलं, आणि पायाखालचं शेवाळ धरू देईना. गळाची काठी तिथेच सोडली, तेव्हा कुठे दोन्ही हात मोकळे झाले.

पाणी सारख्या वेगानं चढत नाही, हे मला नंतर कळलं. साधारण सहा तासांच्या भरतीत पहिल्या तासाला एकूण चढीचा जेमतेम बारावा हिस्सा येतो. तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून निम्मी चढ होते. चढ ४ मीटर असेल तर त्या दोन तासांतच २ मीटर! शिवाय वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येतं, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती. हे पान नसलेलं पुस्तक मी आता दुकानातच परत ठेवतो.

मग आपल्या किनाऱ्यावरचे, आपल्याला पक्के ठाऊक असलेले दोन मासे त्यात काढून बघतो. मेल्यावर माशाचा रंग उतरतो, त्यामुळे नुसता फोटो पुरत नाही. पंखांचे काटे, शेपटीचा आकार लिहिलेला हवा. नावं किनाऱ्यागणिक बदलतात, म्हणून शास्त्रीय नावही हवं. केंडाचं, म्हणजे अंग फुगवणाऱ्या माशाचं, विष शिजवूनही जात नाही, हे ठळक छापलेलं हवंच. पाकटाचा, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेल्या चपट्या माशाचा, काटा लागला तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवावी आणि डॉक्टरांकडे जावं, हेही. पकडबंदीचे आणि किमान लांबीचे नियम बदलत राहतात, तेव्हा आवृत्तीचं साल पाहावं.

पुढच्या वेळी असं पुस्तक परीक्षणाला आलं, तर भरतीचं पान त्यात आहे की नाही, एवढं कृपया पहिल्याच परिच्छेदात छापावं.

आपला,
एक नियमित वाचक