तबला माळ्यावरून काढ

झुरिक, रविवार रात्र

प्रिय सुध्या,

तुझं पत्र पोचलं. चित्रकला शिक्षकाची पदविका, एटीडी, झालास, शाळेत चिकटलासही, फार बरं वाटलं. पण शेवटची ओळ खटकली : 'तबला गवसणीत घालून माळ्यावर टाकला, आता फक्त चित्रं.' गाढवा, माळ्यावर?

आज बर्नला जाऊन चित्रकार पाउल क्लेची चित्रं पाहून आलो. बाप संगीतशिक्षक, आई गायिका. पोरगा अकराव्या वर्षीच बर्नच्या वाद्यवृंदात व्हायोलिन घेऊन बसायचा. तरी गेला चित्रांकडे. त्याचं म्हणणं, संगीताचा बहर मोझार्टच्या काळातच येऊन गेला. (हे तुझ्या गुरुजींच्या कानावर घालू नकोस.) पण म्हणून व्हायोलिन काही सुटलं नाही. बायको पियानो वाजवणारी. म्युनिकला ती शिकवण्या करायची आणि हा पोराला सांभाळत स्वयंपाकघरात चित्रं काढायचा.

'आद पार्नासुम' या त्याच्या १९३२च्या चित्रापुढे मी इतका वेळ उभा राहिलो की रखवालदार दोनदा चक्कर मारून गेला. नाव घेतलंय फुक्स नावाच्या संगीतकाराच्या १७२५च्या ग्रंथावरून. एकाच वेळी दोन-तीन सुरावटी कशा चालवायच्या, ते शिकवणारा ग्रंथ. चित्रात खाली रंगांचे मोठे चौकोन, त्यांच्यावर बारीक ठिपक्यांच्या ओळीच्या ओळी. जवळ गेलास की नुसते ठिपके. चार पावलं मागे सरलास की एक छप्पर, एक दार, नारिंगी सूर्य. मला तर तू आठवलास. खाली लेहऱ्याची तीच ती सुरावट संथ चाललीय आणि वर तुझा बोलांचा वेगवान रेला.

१९२१पासून दहा वर्षं तो जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत शिकवत होता. शिकवण्याच्या टिपणांचीच जवळपास ३,९०० पानं आहेत! वर्गात त्याने बाखची एक सुरावट चक्क रेघांनी मांडून दाखवली होती, सूर चढला की रेघ वर. पुढे ड्युसेलडॉर्फला गेला, तिथल्या नोकरीवरून १९३३मध्ये नाझींनी काढलं.

आता तुझी आठवी. पोरं सरळ रेघ मारायलाही घाबरतात म्हणतोस. वर्गात दादरा ताल धर, नुसता बाकावर, आणि त्यांना म्हणावं, धा आला की जाड, ना आला की बारीक. काय होतं ते कळव. कागद मात्र दुप्पट ने.

दिवाळीत येतोय. तोवर तबल्याची वादी ताणून घे, पुडीवरच्या काळ्या शाईला ओल लागली असेल तर आत्ताच दुरुस्तीला टाक. पेटी मी आणतो.

तुझा,
बाळ्या