'नाराज' या एका शब्दाबद्दल

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू चिडून म्हणालास, "तुम्ही बातम्या देता की मालिकेचा पुढचा भाग?" तेव्हा मी विषय बदलला. पण ते मनातून जाईना, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

2024 च्या नोव्हेंबरचा शेवट आठव. 23 तारखेला विधानसभेचा निकाल लागला. भाजप 132, शिंदेंची शिवसेना 57. तरी मुख्यमंत्री कोण हे ठरेना. त्यातच एकनाथ शिंदे साताऱ्यातल्या आपल्या दरे गावी गेले. तब्येत बरी नाही, असं सांगण्यात आलं. वेब डेस्कवर मीच होतो. पाच मिनिटांत मथळा टाकला: 'शिंदे नाराज? तडकाफडकी गावाकडे रवाना'. प्रश्नचिन्ह लावलं की आपण सुटलो, अशी आमच्याकडे समजूत आहे. 'तडकाफडकी' हा शब्द माझा. त्यांचं जाणं आधी ठरलेलं होतं की नाही, मला काहीही ठाऊक नव्हतं.

मग फोटो शोधला. मान खाली, कपाळाला आठ्या. भलत्याच कार्यक्रमातला जुना फोटो होता तो, बहुधा दुसऱ्याचं भाषण ऐकताना टिपलेला. तोच लावला. नोटिफिकेशन गेलं, वाचकांचा आकडा भराभर चढला, आणि संध्याकाळपर्यंत जिथे पाहावं तिथे नाराजीच. ते नाराज नव्हतेच, असं माझं म्हणणं नाही. असतीलही. पण मला ते माहीत नसताना मी ते लाखो लोकांच्या मोबाइलवर पाठवलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

शब्द किती चिकटतो बघ. 23 नोव्हेंबर 2019 चा फडणवीस-अजितदादांचा शपथविधी सकाळी आठच्या सुमारास झाला. पहाटे पावणेसहाला उठली ती राष्ट्रपती राजवट. तरी आपण सगळे 'पहाटेचा शपथविधी'च म्हणतो. जून 2022 मध्ये शिंदेंसोबत शिवसेनेचे आमदार सुरतमार्गे गुवाहाटीला गेले, तेव्हा कुणी 'बंड' लिहिलं, कुणी 'उठाव', कुणी 'गद्दारी'. घटना तीच होती. पण वाचणारा कुणाच्या बाजूला उभा राहणार, ते त्या एका शब्दाने आधीच ठरवून टाकलं होतं.

आणि तुला सांगायचं होतं ते हे. त्याच आठवड्यात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता आणि बाजारात भाव त्याच्या बराच खाली होता. तुझी पोती माजघरात भिंतीला लावून ठेवलेली, तू व्हिडिओ कॉलवर दाखवली होतीस. ती बातमी आमच्याकडे आली होती. मीच लावली, आणि अर्ध्या तासात ती होमपेजवरून खाली गेली, कारण वर दरे गावातल्या हेलिकॉप्टरची बातमी चढवायची होती. 5 डिसेंबरला आझाद मैदानावर शपथविधी झाला, शिंदे उपमुख्यमंत्री झाले, आणि तोवर तुझ्या पोत्यांबद्दल नव्या सरकारला आम्ही एकही प्रश्न विचारलेला नव्हता.

आता डेस्कवर कुणी 'नाराज' लिहून आणलं की मी विचारतो, हे कोण म्हणालं? नाव नसेल तर शब्द काढतो. यावरून वरिष्ठांशी दोनदा वाजलं. वाजू दे.

यंदाची आवक सुरू झाली की पहिल्या दिवशीचा भाव मला कळव, पावतीचा फोटोही पाठव. काकूंना नमस्कार.

तुझाच मित्र