चि. मेघनास

चि. मेघनास,
अनेक आशीर्वाद.

परवा तू रागाने फोन ठेवलास, म्हणून लिहिते. शाळा मंडळाच्या सभेत तू गुलामगिरीच्या धड्याविरुद्ध बोललीस, तो व्हिडिओ बेबीमावशीने सगळ्यांना पाठवला. मी तो जेवायच्या आधी पाहिला, जेवणानंतर पाहिला, मधूलाही दाखवला. फोनवर मात्र तोंडातून आधी ग्रीन कार्डच निघालं.

तुझं म्हणणं खरं आहे. २०२३ मध्ये फ्लोरिडाने सहावी ते आठवीच्या अभ्यासक्रमात घातलं, की गुलामांनी मिळवलेली कौशल्यं काही वेळा त्यांच्या स्वतःच्या फायद्याची ठरू शकत. समर्थनाला लोहार, चांभार अशी उदाहरणंही दिली. हे वाचून सानूच्या वर्गातल्या मुलाने काय समजायचं? पण मेघना, उठून बोलायला तूच का? तिथेच जन्मलेल्या आया नव्हत्या का सभेत? कागद हातात येईपर्यंत तरी दम धर.

बघ, हा विषय काढणार नव्हते.

तुम्ही मला जॅक्सनव्हिलच्या किंग्जली मळ्यावर नेलं होतं ना, तिथल्या गुलामांच्या खोपटांच्या भिंती अजून डोळ्यांसमोर आहेत. अर्धवर्तुळात ओळीने उभी, छपरं गेलेली. कालवांचे शिंपले भाजून केलेला चुना, त्यात वाळू आणि आणखी शिंपले. भिंतीवरून हात फिरवला तर कडा बोचत होत्या. आपल्या खाडीवर कालवं फोडणाऱ्या बायकांचे हात मी लहानपणापासून पाहिलेत, चिरलेले असतात. त्या भिंती ज्यांनी रचल्या त्यांच्या हातात कसब होतंच की. पण त्या कसबाचा धनी कोण होता, हे पुस्तकाने सांगायला नको?

गुलामगिरीतून पळून पुढे तिच्याविरुद्ध लढलेल्या फ्रेडरिक डग्लसचं उदाहरण तू घेतलं नाहीस. बाल्टिमोरच्या गोदीत तो जहाजाच्या फळ्यांतल्या फटी बुजवायचा. दिवसाला दीड डॉलर कमवायचा आणि शनिवारी रात्री सगळे मालकाच्या हातात द्यायचा. सहा डॉलर आणले तर कधीमधी मालक उत्तेजन म्हणून सहा सेंट परत करी. १८३८ मध्ये तो पळाला, तेव्हा कुठे त्याची कमाई त्याची झाली. यासमोर कौशल्याचं वाक्य टिकतं का सांग.

शिकवणी झाली, माफ कर. निवृत्त झाले तरी खडू सुटत नाही. तुझ्या आजोबांनी 'गुलामगिरी' मला मोठ्याने वाचायला लावली होती, अर्पणपत्रिकेसकट. १८७३ मध्ये जोतिरावांनी ते पुस्तक अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, कारण त्यांनी गुलामांना मुक्त केलं होतं. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा, ही आशा. त्याच अमेरिकेत माझी लेक हे बोलायला उभी राहिली. आजोबा असते तर गावभर सांगत फिरले असते. मलाही सांगावंसं वाटतं, पण शेजारी नको. कुणी काय पुढे पाठवेल, कुणी काय वाचेल. निखिलची नोकरी, सानूची शाळा, सगळं त्या एका अर्जावर.

तुला भित्री वाटत असेन. वाटू दे.

तुमच्या वकीलबाईंना एवढं विचार, की सभेत बोलल्याने अर्जाला काही धक्का लागतो का. उत्तर काहीही असो, मला लगेच कळव. आणि पुढच्या सभेला जाणारच असशील तर डग्लस आधी सांग, सरकारी वाक्य मागून वाच. या वेळी वाचण्यातच तुझा वेळ गेला आणि मुद्दा अर्धा राहिला.

सानूचा खोकला कमी आहे का?

तुझी,
आई